नाकावरचा एक, तळपायावरचा एक

१

तीनशे दहाच्या मागे थेट तीनशे बारा. मधली काच गायब.

काशीनाथने लाकडी खण पुरता बाहेर ओढला, चष्मा कपाळावर चढवला आणि बोटाने एकेक काच पुढे ढकलत पुन्हा मोजलं. भाईंदर पूर्वेच्या त्या दोन खोल्यांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो बावीस वर्षं हेच काम करत होता. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, तो काचेवर चढवायचा आणि काच नंबराने खणात लावायची. बावीस वर्षांत एक काच हरवली नव्हती, असं तो छातीवर हात ठेवून सांगत असे.

"नाय हो ताई. शनिवारी होती. मी स्वतः बघितली."

संपदा वझे वही उघडून समोर उभी होती. ती कॅन्सरच्या नोंदणी कार्यालयातून आली होती. दहिसरपासून वसईपर्यंतच्या लॅब दर दोन महिन्यांनी पालथ्या घालायच्या आणि कुणाला, कितव्या वर्षी, शरीरात कुठे, कुठल्या जातीचा कॅन्सर निघाला ते उतरवून घ्यायचं, हे तिचं काम. वाण्याने बांधून दिलेली पुडी घरी आल्यावर पुन्हा वजन करून बघणारी बाई ती. बेव्हर्ली पार्कातल्या शेजारणी तिला मागे हसत, पण आपली पुडी कमी भरली की तिच्याकडेच येत.

त्वचेच्या कॅन्सरचं पान तिच्या वहीतलं सगळ्यात रिकामं पान. आपल्याकडे तो मुळातच कमी. सहा वर्षांत तिच्या हद्दीत एकसष्ट नोंदी. त्यातल्या तेहेतीस बेसल सेलच्या, म्हणजे सगळ्यात गरीब जात. हळूहळू वाढते, सहसा पसरत नाही, आणि बहुतेक चेहऱ्यावरच येते. तेवीस स्क्वेमसच्या, बऱ्याचशा जुन्या जखमांवर आणि भाजल्याच्या व्रणांवर उठलेल्या. आणि मेलानोमा फक्त पाच. तो सगळ्यात दुर्मीळ आणि सगळ्यात विखारी. या पाचांतले चार तळपायावरचे, एक अंगठ्याच्या नखाखालचा.

मग या ऑक्टोबरात, एकाच तारखेला, याच लॅबमधून दोन नोंदी आल्या. नंबर तीनशे अकरा, हरिश्चंद्र तळेकर, निवृत्त हेडमास्तर: नाकावर मेलानोमा. नंबर तीनशे अठरा, लिओनार्ड मुनीस, किनाऱ्यावरच्या पाली गावचा मच्छीमार: टाचेवर बेसल सेल.

संपदाने सोमवारी फोन करून सांगितलं होतं, की तीनशे अकराची काच काढून ठेवा, आमच्या कार्यालयातल्या डॉक्टरांना दाखवायची आहे. तेवढंच. आज मंगळवार.

"बरं," ती म्हणाली, "तीनशे अठरा तरी काढा."

काशीनाथचं बोट खणाच्या मागच्या भागाकडे गेलं आणि तिथेच थांबलं. तीही नव्हती.

२

"मॅडम, काचेची वस्तू आहे. फुटली असेल," डॉक्टर पराग सामंत म्हणाले. लॅब त्यांची. वय चाळीसच्या आत, आणि बोलताना सारखे घड्याळाकडे बघणारे.

"दोन्ही?"

"का नाही?"

"मधल्या सहा शाबूत ठेवून?"

डॉक्टरांनी पेन उघडलं, मिटलं. संपदाला वाटलं, इथे पाणी मुरतंय. ज्या माणसाची चूक नसते तो आधी चिडतो. हे चिडले नव्हते, समजूत घालत होते.

"तुम्हाला त्या रिपोर्टांत नक्की खटकतंय काय?" त्यांनी विचारलं.

"नाकावर मेलानोमा येणं कठीण. टाचेवर बेसल सेल येणं त्याहून कठीण. माझ्या वहीत दोन्ही एकदासुद्धा नाहीत."

"रेअर म्हणजे इम्पॉसिबल नाही, मॅडम. आकड्यांवरून निदान नाही होत. मायक्रोस्कोपखाली जे दिसलं ते मी लिहिलं."

"मान्य. एक आलं असतं तर मी गप्प उतरवून घेतलं असतं. पण दोन नवलं एकाच दिवशी, एकाच ट्रेमध्ये? आणि अदलाबदल करून बघितली, तर दोन्ही नवलं नाहीशी होतात. नाकावर बेसल सेल, टाचेवर मेलानोमा. अगदी नेहमीचं."

डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. नोव्हेंबर होता आणि डोक्यावर पंखा गरगरत होता.

"त्या दिवशी किती काचा पाहिल्यात तुम्ही?" संपदाने विचारलं.

"दसऱ्याची सुट्टी, त्यामुळे बॅकलॉग होता. सत्तरेक."

"आणि तुकडा शरीराच्या कुठल्या भागातला, ते प्रत्येक वेळी वाचलंत?"

उठून त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हेडमास्तरांचं ऑपरेशन येत्या सोमवारी आहे. अर्धं नाक काढणार आहेत. मानेच्या गाठीपण."

"आणि पालीचा माणूस?"

"त्याला मीच सांगितलं, घाई नाही. पुढच्या महिन्यात छोटासा तुकडा काढून टाकू, विषय संपला." ते थांबले. "बोटीवर जातो तो. आठ-आठ दिवस."

हेडमास्तरांचं नाक वाचवायला अजून सहा दिवस होते. पण दुसऱ्या माणसाच्या टाचेत खरंच मेलानोमा असेल, तर रिपोर्ट हातात पडल्यापासून चौतीस दिवस तो तिथे आरामात पसरत होता.

३

काचांच्या कपाटाची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असे. घेणारे तिघेच: डॉक्टर, काशीनाथ आणि रिसेप्शनला बसणारी मंदा. सोमवारच्या फोनची गोष्टही तिघांनाच ठाऊक. फोन मंदाने उचलला होता, बोलले डॉक्टर, आणि काच काढायचा निरोप गेला काशीनाथला.

काशीनाथ आतल्या खोलीत स्टुलावर बसला होता.

"ताई, सरळ बोला ना, काशीनाथने चोरली म्हणून. डॉक्टरांची सही असते, त्यांना कोण विचारणार? बिल फाटणार ते आमच्याच नावावर."

"मी कुठे म्हटलं चोरली?"

"तुमचे डोळे म्हणतायत."

ते खरंच होतं. संपदा त्याच्या नखांकडे बघत होती. काप काढणाऱ्या माणसाची नखं, स्वच्छ, बारीक कापलेली. असा माणूस चिठ्ठ्या चुकवेल? आणि चुकवल्याच, तर त्या लपवायला काय करेल?

"या दोन तुकड्यांचं मेण कधी ओतलंत?"

"अष्टमीला, संध्याकाळी. मेण ओतलं, प्रत्येक वडीपुढे पेन्सिलीने नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली. चिठ्ठी गरम मेणाने चिकटवायची ती वडी पुरती थंड झाल्यावर. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी."

"म्हणजे?"

"म्हणजे हत्यारांची पूजा नाय का! आमचं हत्यार ही सुरी आणि हे मशीन. त्या दिवशी त्याला हात लावत नाय आम्ही. मी सुट्टीवर, पूजा इथे मंदाताईंनी केली. दसरा झाल्यावर येऊन मी चिठ्ठ्या चिकटवल्या, काप काढले. ज्या वडीपुढे जी चिठ्ठी, ती तिला."

मंदा बाहेर पावत्यांवर टकटक शिक्के मारत होती. पन्नाशीची, नीटनेटकी, येणाऱ्या प्रत्येक पेशंटला नावाने ओळखणारी.

"मला त्या काचांतलं काय कळतंय ताई? मी आपली नंबर देते, रिपोर्ट देते. तो लिओनार्ड तर रिपोर्ट घेताना हसत होता. कॅन्सर हाय पण गरीब हाय म्हणाला. दुसऱ्या दिवशी सुके बोंबील आणून दिले मला." ती संपदाकडे न बघता पुढे म्हणाली, "काशीनाथला हल्ली नीट दिसत नाही हां. मी कुणाचं नाव घेत नाही."

न घेता घेतलंच की, असं संपदाच्या मनात आलं. या लॅबमध्ये प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता, आणि प्रत्येकाला तसं करायला कारण होतं.

मग तिला एकदम आठवलं. काचा गेल्या, पण काच काही मूळ वस्तू नव्हे. मूळ वस्तू म्हणजे मेणाची वडी. तुकडा तिच्यातच असतो. ती जवळजवळ धावतच आत गेली.

"काशीनाथ, वड्या! तीनशे अकरा आणि तीनशे अठराच्या वड्या कुठायत?"

त्याने माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. झाकण घट्ट बसलं होतं. संपदाला खात्री होती, आत दोन जागा रिकाम्या असणार.

४

जागा भरलेल्या होत्या. दोन्ही वड्या आपापल्या घरात बसलेल्या.

संपदाला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिचा संशय तिथून खऱ्या अर्थाने जागा झाला. ज्याला पुरावा नष्ट करायचा आहे, तो काचा नेतो आणि वड्या ठेवून जातो? या वड्यांतून काशीनाथ अर्ध्या तासात नव्या काचा करून देईल.

तिने दोन्ही वड्या खिडकीशी नेल्या. आत तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे, दोन्ही काळपट. त्यावरून काही ओळखता येण्यासारखं नव्हतं. आपल्या सावळ्या कातडीत गरीब बेसल सेलही बऱ्याचदा काळाच दिसतो. पण मेणाच्या बाजूला पिवळट डाग होता. दोन्ही वड्यांवर, एकाच जागी, चिमटीत धरल्यावर अंगठा लागतो तिथे. तिने त्या ट्रेमधल्या बाकीच्या वड्या काढून पाहिल्या. सगळ्या पांढऱ्या स्वच्छ.

तिने डाग हुंगला. हळद.

"काशीनाथ, नवे काप काढा. डॉक्टरांना बोलवा."

अर्धा तास मशीन खरखरत होतं. काचा तयार झाल्यावर डॉक्टर मायक्रोस्कोपवर वाकले.

"तीनशे अकरा. मेलानोमाच आहे, मॅडम. मी चुकलो नव्हतो."

"डॉक्टर, गाठ नका बघू. तिच्या कडेची चांगली कातडी बघा. ती शरीरात कुठली आहे?"

डॉक्टरांनी काच थोडी सरकवली. मग आणखी थोडी. बराच वेळ ते मान वर करेनात.

"नाकाच्या कातडीत केसांची मुळं असतात," अखेर ते म्हणाले. "तेलाच्या ग्रंथी तर भरपूर. इथे एकही नाही. वर नुसता जाड थर आहे. ही टाच आहे."

तीनशे अठरा बघायचीही गरज नव्हती, तरी त्यांनी बघितली. तिच्यात केसांची मुळंच मुळं होती.

हातच्या काकणाला आरसा कशाला? अदलाबदल झाली होती. संपदा दाराकडे वळली. बाहेरच्या खोलीतला शिक्क्याचा टकटक आवाज कधीच थांबला होता.

५

"मंदाताई, आत या," संपदा म्हणाली. "बसा."

मंदा बसली नाही.

"मी सोमवारी फोनवर एकच नंबर सांगितला, तीनशे अकरा. तीनशे अठराचं नाव मी काढलं नव्हतं. तरी गेल्या दोन्ही काचा. म्हणजे ज्याने नेल्या त्याला माहीत होतं की तीनशे अकराची जोडी कुणाशी लागलीय. डॉक्टरांना ते माहीत असतं तर त्यांनी स्वतःच्या सहीचा रिपोर्ट आधी बदलला असता."

डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

"आता वड्या. काशीनाथ किंवा डॉक्टर असते तर त्यांनी काचांना हातही लावला नसता, आधी वड्या उचलल्या असत्या. मूळ कुठे असतं ते त्यांना पाठ आहे. नुसत्या काचा नेऊन काम झालं असं ज्याला वाटलं, त्याला आतलं काम माहीत नाही. आणि ही हळद. बोटाला हळद लागलेली असताना फक्त दोनच वड्या कुणीतरी चिमटीत उचलल्या. खंडेनवमीला पूजा कुणी केली?"

मंदाने पदर तोंडाला लावला. रडली नाही. "निरांजन ठेवायला जागा नव्हती," ती म्हणाली. "सुरीला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि मागच्या-पुढच्या ओळींतल्या दोन वड्या उचलून बाजूला ठेवल्या. पंख्याने त्यांच्या चिठ्ठ्या उडाल्या. उचलल्या तेव्हा बघितलं, तीनशे अकरा नि तीनशे अठरा. पण कुठली कुणाची ते कळेना. मी अंदाजाने ठेवल्या. म्हटलं, देवाच्या कामात उलटं कसं होईल? पन्नास टक्के तरी बरोबरच असेल ना?"

"काशीनाथला का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर बोंब झाली असती. पूजा करायला कुणी सांगितलेलं, मेणाला हात कुणी लावायला सांगितलेला. आठ दिवस झोप नव्हती मला. मग रिपोर्ट आले, कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, बरोबर बसल्या. सोमवारी तुमचा फोन आला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली."

"काचा कुठायत?"

तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेल्या दोन काचा काढून टेबलावर ठेवल्या. "फेकवेनात," ती म्हणाली. "माणसाच्या अंगाचा तुकडा आहे ना तो."

काशीनाथ भिंतीकडे तोंड करून उभा होता. डॉक्टर भानावर आले आणि त्यांचा आवाज एकदम चढला. "मंदाताई, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"डॉक्टर," संपदा शांतपणे म्हणाली, "चिठ्ठ्या त्यांनी चुकवल्या. पण टाचेच्या कातडीला नाक म्हणून सही कुणी केली? आधी हेडमास्तरांना फोन करा. मग दुसरा रिपोर्ट टाइप करा. मी पालीला निघते."

"मी येते," मंदा म्हणाली. "त्याला मी सांगणार."

"लिओनार्डची बोट आज संध्याकाळच्या भरतीला सुटणारे," काशीनाथ भिंतीकडे बघतच बोलला. "सकाळी बर्फाच्या गाडीवाला सांगत होता."

घड्याळात साडेतीन वाजले होते.

६

पालीची गल्ली इतकी अरुंद, की समोरून स्कूटर आली आणि रिक्षावाल्याने "आगे नहीं जायेगा" म्हणून हात वर केले. दोघी उतरून चालू लागल्या. दोन्ही बाजूंना बोंबील वाळत टाकलेले. मंदा पुढे, संपदा मागे.

लिओनार्ड ओट्यावर बसून डबा भरत होता. उजवा पाय जरा लांब ठेवलेला. त्याची बायको इनेझ दारात उभी.

"अरे, मंदाबाय! ये ये," तो हसला. "बोंबील संपलं काय?"

मंदाने बसायच्या आधी सगळं सांगितलं. चिठ्ठी, पूजा, निरांजन, अंदाज. काही लपवलं नाही आणि माफीही मागितली नाही. बहुधा मागायचं सुचलंच नाही. संपदा तिच्याकडे बघतच राहिली. मघाशी काशीनाथच्या डोळ्यांवर शंका घेणारी बाई ही नव्हेच असं तिला वाटलं.

लिओनार्डच्या तोंडावरचं हसू सावकाश उतरलं.

"म्हंजे माजा गरीब न्हाय."

"नाही," संपदा म्हणाली. "उद्या सकाळी परळला, कॅन्सरच्या हॉस्पिटलात जायचं. मी सोबत येते. आज बोटीवर जायचं नाही."

"किती दिस गेले?"

"चौतीस."

इनेझ पुढे आली, त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि किनाऱ्याकडे तोंड करून बोटीवरच्या सोबत्यांना हाक मारली, "राघो, तुमी जावा! लिओनार्ड येत न्हाय!"

मग ती मंदाकडे वळली. इनेझने मंदाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तू सांगला नसता, तर तो गेलाच व्हता ना बाय."

७

ऑपरेशन झालं. टाचेचा मोठा भाग गेला. जांघेतल्या नऊ गाठी काढून तपासल्या. आठ साफ निघाल्या. एकीत होता.

संपदा जानेवारीत पालीला गेली तेव्हा लिओनार्ड कुबडी बाजूला टेकवून जाळं विणत बसला होता. इनेझ तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली आणि तिथे थांबली.

"तू सगला शोधून काडतंस. मंग हे सांग. मयनाभर आदी गेलो असतो, तर ती येक गाठ साफ असती?"

संपदाने परळच्या डॉक्टरांनाही हेच विचारलं होतं. ते म्हणाले होते, कदाचित तेव्हाही असेल, कदाचित नसेल, कुणी सांगू शकणार नाही. तिने तेच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या संशयाचं ओझं झालं, कारण तो फेडायला जगात कुठेच काच नव्हती की वडी नव्हती.

इनेझने मान डोलावली. "मंदाबाय रोज फोन करते. तिला मी सांगलंय, नऊच्या नऊ साफ हाईत. तूपण तसंच सांग."

"इनेझबाई, मी असं..."

"सांग," इनेझ म्हणाली.

पुढच्या मंगळवारी संपदा लॅबमध्ये नोंदी उतरवायला बसली. मंदा अजून तिथेच होती; डॉक्टरांनी तो विषय पुन्हा काढला नव्हता. संपदाच्या पिशवीत परळचा कागद होता. तिने वहीत हरिश्चंद्र तळेकरांच्या नावापुढचा मेलानोमा खोडून बेसल सेल लिहिलं, आणि लिओनार्डच्या नावापुढे मेलानोमा. तळपायावरचा पाचवा. त्या शेजारच्या रकान्यात, गाठींच्या, तिने खरा आकडा घातला आणि वही मिटली.

मंदा टेबलाशी येऊन उभी राहिली होती.

"ताई, गाठी सगळ्या साफ निघाल्या ना?"

"हो," संपदा म्हणाली. "नऊच्या नऊ."

मंदाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग मिटलेल्या वहीकडे. मग पुन्हा तोंडाकडे, बराच वेळ.

"बरं," ती म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही.